क्रिटेरियम : पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी

गावातले रस्ते बंद करून एक-दोन किलोमीटरच्या वर्तुळात फेऱ्यांवर फेऱ्या मारायच्या, अशा सायकल शर्यतीला क्रिटेरियम म्हणतात. न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलची मेमोरियल डेची शर्यत १९४० साली सुरू झाली. तिचे सुरुवातीचे विजेते फरमन कुगलर आणि कार्ल अँडरसन दुसऱ्या महायुद्धात कामी आले. पुढे शर्यतीला त्यांचेच नाव दिले गेले.

अमेरिकेत नवशिक्यांचा गट वेगळा असतो. पण तिथेच अनुभव कमी, म्हणून धोका जास्त. पायांतल्या ताकदीपेक्षा वळणे महत्त्वाची. ब्रेक वळणाआधी लावा, वळणात नको. आतल्या बाजूचे पेडल वर ठेवा, नाहीतर ते रस्त्याला घासते. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक नेऊ नका. तो जरा सरकला तरी पडाल आपणच. शेवटी राहिलात तर प्रत्येक वळणानंतर धावत गाठावे लागते, म्हणून शक्यतो पुढे राहा.

पंक्चर झाले किंवा पडलात तर बहुधा एखादी फेरी माफ असते, शेवटच्या काही फेऱ्यांत मात्र नाही. शेवटची फेरी उरली की घंटा वाजते! पहिल्या खेपेला धडधाकट घरी परतलात, तरी जिंकलात म्हणा.