दिनविशेष : २५ जुलै १९७१
बेल्जियममधील स्पा येथे २४ तासांची शर्यत संपली, तेव्हा मर्सिडीझच्या ३०० एसईएल या आलिशान सेडानने एकूण दुसरा आणि आपल्या गटात पहिला क्रमांक पटकावला. हान्स हेयर आणि क्लेमेन्स शिकेनटान्झ यांनी चालवलेल्या या गाडीचे ६.३ लिटरचे इंजिन एएमजी या छोट्या जर्मन कंपनीने ६.८ लिटरचे केले होते. पहिली आली ती फोर्ड काप्री. मग दुसरीचे कौतुक कशाला, असे कोणी म्हणेल. पण दीड टनाहून जड गाडी चोवीस तास टिकली, याचाच अर्थ इंजिनातील फेरफार निव्वळ हौस नसून कसोटीला उतरणारे अभियांत्रिकी काम असू शकते. उत्पादकालाही हे पटले: १९९९मध्ये मर्सिडीझच्या तत्कालीन मालक कंपनीने, डेमलर-क्रायस्लरने, एएमजीचा बहुसंख्य हिस्सा घेतला. फेरफार आवाजावर नव्हे, टिकाऊपणावर जोखावा, हा निकष आजही तितकाच खरा आहे.