अभिनयविद्येच्या आचार्या : श्रीमती विजयाबाई मेहता

नाट्यकला ही ईश्वरी देणगी होय, असे आपल्या समाजात परंपरेने मानले जाते. ते खोटे नाही. परंतु ते अर्धेच सत्य आहे. भरतमुनींनी नाट्यशास्त्र सिद्ध केले, अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले, त्या अर्थी अभिनय ही शिकण्याची आणि शिकवण्याची विद्या आहे हे आपल्या पूर्वसूरींना पुरते ठाऊक होते. मध्यंतरीच्या काळात मराठी रंगभूमीवर या विद्येपेक्षा गळ्याला, रूपाला आणि उपजत तेजाला अधिक मान मिळाला. विद्येचे स्थान तिला पुन्हा मिळवून देण्यात ज्यांचा वाटा फार मोठा आहे, त्या श्रीमती विजयाबाई मेहता यांच्या कार्याचा हा अल्प परिचय आहे.

त्या कार्याचे मोल कळण्यासाठी थोडे मागे पाहणे आवश्यक आहे. १८४३ साली सांगली येथे विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' सादर केले, तेव्हापासून कित्येक दशके स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या आणि बालगंधर्वांच्या रूपाने त्या परंपरेने आपले शिखर गाठले. पुढे १९२९ साली हिराबाई बडोदेकरांनी स्वतःची नाटक मंडळी काढली. १९३३ साली 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक रंगमंचावर उभ्या राहिल्या आणि कुलीन घरच्या स्त्रियांना नाटकाचा दरवाजा हळूहळू उघडला. तथापि स्त्रीने रंगमंचावर उभे राहणे वेगळे आणि पुरुष नटांना समोर बसवून त्यांना अभिनयाचे धडे देणे वेगळे. ही दुसरी पायरी चढण्यास आणखी एक पिढी जावी लागली.

विजयाबाईंचा जन्म ४ नोव्हेंबर १९३४ रोजी बडोदे येथे जयवंत कुटुंबात झाला. पदवीचे शिक्षण त्यांनी मुंबई विद्यापीठात घेतले. नाट्यशिक्षणाच्या बाबतीत त्यांना दोन भिन्न प्रकृतींचे गुरू लाभले. इब्राहिम अल्काझी यांच्याकडून त्यांना शिस्त, अभ्यास आणि जागतिक रंगभूमीची दृष्टी मिळाली. पारशी रंगभूमीचे आदी मर्झबान यांच्याकडून प्रेक्षकाशी थेट संवाद साधण्याचे व्यवहारज्ञान मिळाले. त्यांचा पहिला विवाह ज्येष्ठ अभिनेत्री दुर्गाबाई खोटे यांचे पुत्र हरीन खोटे यांच्याशी झाला. हरीन यांचे अकाली निधन झाल्यानंतर कालांतराने त्या फरोख मेहता यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. संसारात एवढा मोठा आघात होऊनही नाट्यव्रत त्यांनी सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६० साली विजयाबाईंनी विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे आदी सहकाऱ्यांसमवेत 'रंगायन' ही संस्था स्थापन केली. तिचे स्वरूप धंदेवाईक नाटक मंडळीचे नव्हते. ती एक प्रकारची प्रयोगशाळाच होती. तेथे तेंडुलकरांची नवी नाटके उभी राहिली, आयनेस्कोच्या नाटकाचे 'खुर्च्या' हे मराठी रूप रंगले, चिं. त्र्यं. खानोलकरांचे 'एक शून्य बाजीराव' १९६६ साली विजयाबाईंनी दिग्दर्शित केले. १९६७ साली अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक रंगायननेच रंगमंचावर आणले आणि त्यातील बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभाबाई देशपांडे यांनी इतिहास घडविला. पुढे मतभेद होऊन १९७० नंतर ही संस्था थोड्याच काळात मिटली. परंतु तिने लावलेली अभ्यासाची सवय मात्र मिटली नाही.

रंगायनच्या या कार्याचा एक धागा आपल्या भागापर्यंत येऊन पोहोचतो. जामसांवली, सौंसर, पांढुर्णा हा मुलूख पूर्वी नागपूरकर भोसल्यांच्या राज्यातला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा भाग मध्य प्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. राज्याची सीमा मध्ये आली तरी भाषा, सोयरीक आणि नाटकाची आवड यांसाठी येथल्या मराठी कुटुंबांचे पाऊल नागपूरकडेच वळत राहिले. त्याच नागपुरात १९६० च्या दशकात तेंडुलकरांचे 'मी जिंकलो! मी हरलो!' हे विजयाबाईंनी दिग्दर्शित केलेले नाटक आले. प्रेक्षकांत महेश एलकुंचवार नावाचा एक तरुण होता. तो यवतमाळ जिल्ह्यातील पारव्याचा. त्या प्रयोगाने तो भारावून गेला आणि नाटककार होण्याची प्रेरणा त्याला तेथे मिळाली. पुढे १९६७ साली 'सत्यकथा' मासिकात त्याची 'सुलतान' ही एकांकिका प्रसिद्ध झाली, ती विजयाबाईंच्या दृष्टीस पडली आणि त्यांनी त्याच्या एकांकिका रंगमंचावर आणल्या. मुंबईच्या एका प्रयोगाने वऱ्हाडच्या मातीतला एक थोर नाटककार जागा केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

अभिनेत्री म्हणून विजयाबाईंचे वैशिष्ट्य असे की, शिकवण्यापूर्वी त्यांनी प्रत्येक गोष्ट स्वतःच्या देहावर करून पाहिली. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया' नाटकात वृद्ध नानीची भूमिका त्यांनी केली तेव्हा त्या स्वतः चाळिशीच्या उंबरठ्यावर होत्या. परदेशी गेलेल्या मुलाची वाट पाहणारी ती म्हातारी केवळ पिकलेल्या केसांनी उभी राहत नाही. पाठीचा बाक, बसताना लागणारा वेळ, दाराकडे पुन्हा पुन्हा वळणारी नजर आणि दोन वाक्यांमधली शांतता यांतून ती घडवावी लागते. 'बॅरिस्टर' नाटकातील विकेशा मावशीची भूमिकाही अशीच. त्याच नाटकावरून त्यांनी 'रावसाहेब' हा हिंदी चित्रपट दिग्दर्शित केला आणि त्यातील भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

जुन्या तालमीत मास्तर म्हणून दाखवीत आणि नट त्याची नक्कल करीत. त्या पद्धतीत शब्द पाठ होत, गळा तयार होई. परंतु नट मास्तरांची प्रतिमा होऊन बसण्याचा धोका असे. विजयाबाईंनी नटाला संहितेकडे वळविले. हे पात्र कोठून आले, त्याच्या देहाची ठेवण कशी, समोरच्या पात्रापासून ते किती अंतरावर उभे राहील, बोलण्यापूर्वी ते श्वास कसा घेईल, या प्रश्नांची उत्तरे नटाने स्वतः शोधावयाची आणि शिक्षिकेने त्याची वाट चुकू द्यावयाची नाही, अशी ही रीत. तिचे फळ महाराष्ट्राने पाहिले. 'बॅरिस्टर'मधील विक्रम गोखले, 'हमीदाबाईची कोठी'मध्ये विजयाबाईंच्या समवेत उभे राहिलेले नीना कुळकर्णी, भारती आचरेकर, अशोक सराफ आणि नाना पाटेकर, 'पुरुष'मधील रीमा या सर्वांची जातकुळी निरनिराळी. एकाची छाप दुसऱ्यावर नाही. ही विविधता हाच त्यांच्या अध्यापनाचा सर्वांत बलवान पुरावा मानावा लागेल. विक्रम गोखले यांनी तर आयुष्यभर त्यांचा उल्लेख गुरू म्हणूनच केला.

१९८५ साली विजयाबाईंनी एलकुंचवारांचे 'वाडा चिरेबंदी' रंगमंचावर आणले आणि नागपूरच्या त्या प्रयोगाचे वर्तुळ जणू पूर्ण झाले. विदर्भातील धरणगावच्या देशपांडे घराण्याची ही कथा. वडील वारले आहेत, मुंबईचा मुलगा सून घेऊन आला आहे, तेरवीच्या खर्चाचा आणि वाटणीचा प्रश्न घरात घुमतो आहे, दारात नादुरुस्त ट्रॅक्टर उभा आहे आणि आतल्या खोलीत म्हातारी दादी वेळ विचारते आहे. कापूस-संत्र्याच्या या मुलखात ज्यांनी जुने वाडे नांदताना आणि पडताना पाहिले, त्यांना यातले काहीच परके वाटणार नाही. असे नाटक आरडाओरड्याने बिघडते. बोली खरी हवी, दुःख आवरलेले हवे आणि घरातील प्रत्येक माणसाचे बसणे-उठणे त्याच्या मानाप्रमाणे हवे. शिकवलेला अभिनय म्हणजे काय, हे अशा नाटकात स्पष्ट दिसते.

देशाबाहेरही या विद्येचा मान झाला. ब्रेश्टच्या नाटकावरून खानोलकरांनी लिहिलेले 'अजब न्याय वर्तुळाचा' हे नाटक बसवताना विजयाबाईंनी जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांचे सहकार्य घेतले आणि त्यास आपल्या लोकनाट्याचे रूप दिले. पुढे त्यांनी जर्मन नटांकडून 'मुद्राराक्षस', 'शाकुंतल' आणि 'हयवदन' करवून घेतले. भाषा परकी, देह परका, तरीही विद्या पोहोचली. १९७५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९८७ साली पद्मश्री हे सन्मान त्यांना प्राप्त झाले. १९९३ पासून त्यांनी मुंबईच्या राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्राच्या कार्यकारी संचालकपदाची धुरा वाहिली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या 'झिम्मा' या आत्मकथनात त्यांचा हा प्रवास वाचावयास मिळतो.

उत्सवाच्या रात्री देवळाच्या मांडवात भजन, कीर्तन आणि नाटक यांना जागा देण्याची आपली रीत जुनी आहे. त्या मांडवात उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना बहुधा टाळ्या मिळतात, शिक्षण क्वचितच मिळते. ज्याला जमते त्याला जमते, असे म्हणून आपण मोकळे होतो. विजयाबाईंचे जीवनकार्य या समजुतीला उत्तर देते. गावातील एखादी मुलगी धीटपणे बोलू लागली तर तिच्या धिटाईचे कौतुक करून थांबू नये. तिला उच्चार, श्वास आणि संहितेचे वाचन शिकविणारे कोणी मिळेल अशी तजवीज करावी. देणगी देवाची असेल, परंतु ती जतन करणे आणि पुढच्या हाती सोपविणे हे काम माणसांचेच आहे.