आहार, चालणं की वजनं उचलणं? वजन कमी करण्याच्या तीन उपायांचा इतिहास

"डॉक्टर, तीन महिने झाले, रोज पाऊण तास चालतोय. वजन जेमतेम अर्धा किलो उतरलं. आता चालणं बंद करू का?"

हा प्रश्न मला वारंवार ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचा वैताग खरा असतो, पण त्यातलं शेवटचं वाक्य मला घाबरवतं. चालणं बंद केल्याने जे नुकसान होतं ते वजनकाट्यावर दिसतच नाही.

आहार, कार्डिओ (म्हणजे दम वाढवणारे चालणं, पळणं, सायकल, पोहणं असे व्यायाम) आणि स्ट्रेंथ ट्रेनिंग (म्हणजे स्नायूंना भार देणारे व्यायाम) ही तिन्ही नावं आपण एका दमात घेतो. वैद्यकशास्त्राला मात्र ती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं शोधताना सापडली. हा इतिहास कळला की कोणाकडून कोणती अपेक्षा ठेवायची हेही कळतं.

आहार: लंडनचे बँटिंग आजोबा

विल्यम बँटिंग हे लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे प्रतिष्ठित व्यावसायिक होते. १८६२ साली त्यांचं वय ६६ होतं, उंची साडेपाच फुटांच्या आत आणि वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. वाकून बुटाची नाडी बांधता येत नसे. गुडघ्यांवर भार येऊ नये म्हणून ते जिना उलटे, पाठमोरे उतरत.

त्याआधी वजन कमी करण्यासाठी त्यांनी बरेच उपाय करून पाहिले होते. एका डॉक्टर मित्राच्या सल्ल्याने ते पहाटे उठून दोन-दोन तास होडी वल्हवत. अंगात ताकद आली, पण भूकही सपाटून वाढली आणि वजन उलट चढलं! शेवटी मित्रानेच तो व्यायाम थांबवायला सांगितलं. माझ्या रुग्णांची तक्रार दीडशे वर्षांहून जुनी आहे, ती अशी.

पुढे ऐकू कमी येऊ लागलं म्हणून बँटिंग हे डॉ. विल्यम हार्वे यांच्याकडे गेले. हार्वे यांनी त्यांचा ब्रेड, साखर, बटाटे, दूध, लोणी आणि बिअर बंद किंवा अगदी कमी केली. वर्षभरात ४६ पौंड, म्हणजे सुमारे २१ किलो वजन उतरलं. बँटिंग यांनी १८६३ साली हा अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला आणि ती इतकी गाजली की 'बँटिंग करणं' म्हणजे डाएट करणं असा शब्दप्रयोग इंग्रजीत रूढ झाला. स्वीडिश भाषेत डाएट करण्याला आजही 'बांता' म्हणतात.

यामागचं गणित १८९० च्या दशकात अमेरिकेतील विल्बर ऍटवॉटर यांनी मांडलं. माणसाला बंद खोलीत ठेवून त्याने खाल्लेली आणि खर्च केलेली ऊर्जा त्यांनी मोजली. ते गणित तुमच्या आयुष्यात असं दिसतं: अर्धा तास झपझप चालून साधारण सव्वाशे ते दीडशे कॅलरी खर्च होतात, आणि एका वडापावात त्याच्या जवळपास दुप्पट कॅलरी असतात. चालायला अर्धा तास लागतो, वडापाव पाच मिनिटांत संपतो. म्हणून काटा खाली आणण्याचं मुख्य काम ताटातच होतं.

कार्डिओ: बसचा ड्रायव्हर आणि कंडक्टर

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराचे झटके वाढू लागले. कारण शोधताना डॉ. जेरेमी मॉरिस यांची नजर लंडनच्या दुमजली बसवर गेली. एकाच बसमध्ये दोन माणसं काम करत. ड्रायव्हर दिवसभर बसून असे, तर कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. हजारो कर्मचाऱ्यांची माहिती तपासून १९५३ साली मॉरिस यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला: कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, झाला तरी उशिरा होत होता आणि तुलनेने सौम्य असे.

यावर एक रास्त शंका होती. ड्रायव्हर मुळातच जाड असतील तर? मॉरिस यांनी गणवेशाच्या नोंदी काढून विजारींच्या कमरेची मापं तपासली. ड्रायव्हरांची कंबर खरंच मोठी होती. पण कमरेचा घेर हिशोबात धरूनही कंडक्टरांचा फायदा उरलाच.

हा मुद्दा पुन्हा वाचा. हालचालीचा फायदा हृदयाला मिळत होता आणि तो कमरेच्या घेरावर अवलंबून नव्हता. तीन महिने चालून अर्धाच किलो उतरला, तरी ते चालणं वाया गेलेलं नाही.

वजनाच्या बाबतीतही चालण्याचं एक मोठं काम आहे, फक्त ते नंतर सुरू होतं. अमेरिकेत १९९४ पासून, भरपूर वजन कमी करून ते टिकवणाऱ्या लोकांची नोंद ठेवली जाते. त्यांच्यापैकी बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करतात, आणि त्यांचा सर्वात आवडता व्यायाम आहे साधं चालणं.

स्ट्रेंथ ट्रेनिंग: जखमी सैनिक आणि नव्वदीतले आजी-आजोबा

आपल्याकडे तालमीत जोर-बैठका होत्याच, पण त्या पहिलवानांच्या. डॉक्टर मात्र बराच काळ वजनं उचलण्याकडे संशयाने पाहत. ते बदललं महायुद्धाच्या काळात. शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघ्याला इजा झालेले सैनिक महिनोन्महिने पडून असत. डॉ. थॉमस डीलॉर्म यांनी त्यांना वजन उचलायला लावलं आणि ते टप्प्याटप्प्याने वाढवत नेलं. सैनिक लवकर सावरले. १९४५ साली प्रसिद्ध झालेली ही पद्धत आजच्या फिजिओथेरपीचा पाया आहे.

१९९० साली बोस्टनमध्ये याहून धाडसी प्रयोग झाला. वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या दहा अशक्त व्यक्तींना आठ आठवडे पायांनी वजन उचलण्याचा व्यायाम दिला. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली! "आता या वयात काय व्यायाम करायचा?" या प्रश्नाला याहून चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आपल्यासाठी स्नायू जास्तच महत्त्वाचे का, याचं उत्तर पुण्यात आहे. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये दोन डॉक्टरांचा फोटो छापून आला: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! दिसायला सडपातळ असूनही आपल्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते, आणि मधुमेहाचा धोका तिथूनच वाढतो. काटा फक्त एकूण किलो सांगतो. त्यात चरबी किती आणि स्नायू किती, हे तो सांगत नाही.

तिघांची एकत्र परीक्षा

६५ वर्षांवरील लठ्ठ व्यक्तींवर अमेरिकेत दोन महत्त्वाचे अभ्यास झाले. २०११ च्या अभ्यासात वर्षभरानंतर फक्त आहार बदललेल्यांचं वजन १० टक्के घटलं, आहार आणि व्यायाम दोन्ही करणाऱ्यांचं ९ टक्के. फक्त व्यायाम करणाऱ्यांचं जवळपास काहीच घटलं नाही.

मग व्यायाम कशाला? उत्तर २०१७ च्या अभ्यासात मिळालं. यात आहार नियंत्रणासोबत एका गटाने कार्डिओ केला, दुसऱ्याने स्ट्रेंथ आणि तिसऱ्याने दोन्ही. सहा महिन्यांत तिन्ही गटांचं वजन सारखंच, ९ टक्के उतरलं. पण स्नायू धरून चरबीविरहित वजन कार्डिओ गटात ५ टक्के घटलं, स्ट्रेंथ गटात फक्त २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के. उठणं, चालणं, जिना चढणं अशा क्षमतांमध्ये सर्वात जास्त सुधारणा दोन्ही करणाऱ्यांची झाली.

थोडक्यात, तुम्ही काय कराल?

* वजन उतरवायचं असेल तर आधी ताट बघा. साखर, तळलेलं आणि भाताचं-पोळीचं प्रमाण कमी. डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे आणि भाज्या जास्त.
* चालणं सुरू ठेवा. ते हृदयासाठी आहे आणि उतरलेलं वजन टिकवण्यासाठी आहे.
* आठवड्यातून दोन दिवस स्नायूंना काम द्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला हात लावून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं इथूनही सुरुवात होते.
* वजनासोबत महिन्यातून एकदा कंबरही मोजा.

इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, हृदयविकार असेल किंवा गुडघे दुखत असतील, तर आहार-व्यायाम बदलण्याआधी तुमच्या डॉक्टरांशी बोला. जेवण कमी झाल्यावर औषधाचा डोस बदलावा लागू शकतो.

आणि बँटिंग आजोबांचं पुढे काय झालं? कमी झालेल्या वजनासह ते आणखी बरीच वर्षं जगले आणि ८१ व्या वर्षी गेले. होडी वल्हवून अंगात ताकद आली होती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे. आज ते माझ्याकडे आले असते, तर मी त्यांचा ब्रेड आणि बिअर कमी केलीच असती, पण होडी बंद करू दिली नसती.