अठराव्या वर्षाचे दार

दर वर्षी जूनमध्ये आमच्या कॉलेजात नवी मुले येतात. फीच्या खिडकीपाशी वडील बोलत असतात आणि चिरंजीव मागे उभे! दिवाळीपर्यंत तोच मुलगा एकटा येऊन कारकुनाशी हुज्जत घालू लागतो. माणूस मोठा होतो तो असा, हळूहळू. परंतु श्रोतेहो, जी मुले असाध्य आजार घेऊनच वाढतात, ती रुग्णालयाच्या वहीत मात्र एका दिवसात मोठी होतात. काल बालरुग्ण, आज प्रौढ. ही रेघ कशी पडली, ते इंग्लंडच्या इतिहासात चांगले दिसते.

१८५२ साली डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी लंडनमध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर मुलांसाठी रुग्णालय उघडले. खाटा अवघ्या १०. मुलांचे आजार निराळे, तेव्हा त्यांची शुश्रूषाही निराळी हवी, हा विचार त्यामागे होता आणि तो योग्यच होता. मात्र जिवावरचे दुखणे असलेले मूल एक तर बरे व्हायचे, नाही तर दगावायचे. ते दुखणे घेऊन मिसरूड फुटेपर्यंत जगणारे विरळाच.

पुढे चित्र पालटले. १९३८ साली न्यूयॉर्कच्या डॉ. डोरोथी अँडरसन यांनी सिस्टिक फायब्रोसिस या आजाराचे सविस्तर वर्णन केले. यात फुप्फुसांत चिकट कफ साठतो, अन्न अंगी लागत नाही. त्या काळी अशी बहुतेक मुले शाळेत जाण्याच्या वयापूर्वीच जात. पुढे प्रतिजैविके आली, पाचक औषधे सुधारली आणि हीच मुले विशी-तिशी पाहू लागली. डुशेन नावाच्या स्नायूंच्या आजारातही श्वासयंत्रामुळे आयुष्य लांबले.

आता ही वाढलेली मुले जाणार कुठे? १९६७ साली सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे शुश्रूषागृह काढले. पण तेथे मुख्यतः कर्करोगाने जर्जर झालेली मोठी माणसे असत. १९८२ साली सिस्टर फ्रान्सिस डॉमिनिका यांनी ऑक्सफर्डला मुलांसाठी हेलन हाउस सुरू केले. तेथे येणारी मुलेही तरुण झाली, म्हणून २००४ साली खास तरुणांसाठी डग्लस हाउस निघाले. दुर्दैव असे, की पैशाअभावी ते २०१८ साली बंद पडले.

इमारत बंद पडली, तरी प्रश्न संपला नाही. लहानपणापासूनचे डॉक्टर सुटतात. आजवर औषधांच्या वेळा आईला तोंडपाठ. आता नवे डॉक्टर मुलालाच विचारतात, ‘तुझे म्हणणे काय?’ श्वासयंत्र घ्यायचे की नाही, याचेही उत्तर कधी त्यालाच द्यावे लागते! आदल्या दिवसापर्यंत ज्याला कोणी काही विचारले नाही, त्याने ते कसे द्यावे?

२०१६ साली इंग्लंडच्या ‘नाइस’ या वैद्यकीय मार्गदर्शक संस्थेने सांगितले, की ही तयारी १३-१४ व्या वर्षापासूनच सुरू करावी आणि मुलाच्या सोबतीला एक ठरावीक माणूस द्यावा. गोष्ट साधी आहे, पण ती कळायला दीडशेहून अधिक वर्षे लागली. मुलाचे आयुष्य थोडे आहे म्हणून त्याला मोठे होऊच द्यायचे नाही, ही माया खरी, पण अपुरी. खिडकीपाशी त्यालाही हळूहळू पुढे येऊ द्यावे. आपण मागे उभे राहावे, पण निघून जाऊ नये.