मौलाबक्षांची गायनशाळा

मराठीत संगीतशिक्षणाचा इतिहास लिहायचा म्हटला की लेखणी ५ मे १९०१ या तारखेशी येऊन थांबते. त्या दिवशी विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. पुढे भातखंडे आले, त्यांच्या क्रमिक पुस्तकांच्या मालिका आल्या आणि गाणे घराण्याच्या कोंडवाड्यातून शाळेच्या वर्गात आले, असा हा इतिहास सांगितला जातो. त्यात आमचे उस्ताद येतात ते अडसर म्हणून. विद्या लपवणारे, अक्षरशत्रू, मुलगा-पुतण्या सोडून कुणाला अस्ताई न सांगणारे. या आरोपात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. विद्या हीच ज्यांची इस्टेट, ते ती जपूनच वापरणार. पण याच इतिहासाचे एक पान कुणी फारसे उलटत नाही. ते बडोद्याचे आहे आणि १८८६ सालचे आहे.

त्या वर्षी सयाजीराव गायकवाडांच्या सरकारने बडोद्यात गायनशाळा सुरू केली. तिचे पहिले प्रमुख होते प्रोफेसर मौलाबक्ष घिस्सेखान. संगीत शिकवणाऱ्या संस्था त्याआधी निघाल्या नव्हत्या असे नाही. कोलकात्यात शौरींद्रमोहन टागोरांची शाळा १८७१ पासून होती, पुण्यात गायन समाज १८७४ मध्ये निघाला होता. बडोद्याचे वेगळेपण हे की, इथे संस्थानाने आपल्या शिक्षणाच्या कारभारात गाण्याला जागा दिली आणि ते काम एका मुसलमान गवयाच्या हाती सोपवले. लाहोरच्या आधी पंधरा वर्षे.

मौलाबक्षांचा जन्म १८३३ चा, उत्तरेतला. मूळ नाव चोलेखान. मौलाबक्ष हे नाव एका फकिराने दिले असे त्यांच्या घराण्यात सांगतात. उत्तरेचे गाणे पचवून ते म्हैसूरला गेले आणि दक्षिणेची पद्धत शिकले. उत्तरेच्या गवयाने दक्षिणेत जाऊन शागीर्दी करायची, हे त्या काळी सोपे नव्हते. आजही कितीजण करतात? म्हैसूर दरबाराने त्यांना मोठा मान दिला. सत्तरच्या दशकात ते कोलकात्यालाही जाऊन आले. आमचा तर्क असा की, गाणे कागदावर मांडता येते आणि क्रमाक्रमाने शिकवता येते, हे त्यांच्या मनात दक्षिणेतच रुजले असावे. तिकडे सरळी-जंटईचे पलटे आणि वर्णम् अशी पायऱ्यांची शिकवण जुनी आहे.

आता उस्तादाच्या घरची तालीम कशी असे ते आठवून पाहा. शागीर्दाने गंडा बांधायचा, गूळ-चणे वाटायचे, मग घरात राबायचे. उस्तादांची मर्जी असेल तेव्हा तालीम. एकच पलटा सहा महिने घोटायचा आणि का घोटायचा हे विचारायचे नाही. यातून थोर गवई तयार झाले, यात शंकाच नाही. पण दिवसभर भाषा-गणित शिकून आलेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलाला ही वाट बंद होती. त्याला गवई व्हायचे नव्हते, गाणे शिकायचे होते. हा फरक ज्यांनी ओळखला त्यांत मौलाबक्ष अगदी पुढचे.

त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसवली आणि पाठ्यपुस्तके छापली. त्यांचे ‘संगीतानुभव’ १८८८ चे. स्वरलेखन म्हणजे नुसती खुणांची गंमत नव्हे. मुलगा आजारी पडून चार दिवस घरी राहिला, तर पुस्तक उघडून चुकलेले भरून काढू शकतो. एका मास्तरांनी जिथे सोडले तिथून दुसरे मास्तर पुढे नेऊ शकतात. तीस मुलांना एकच चीज एकाच पाठाने देता येते, त्यांची परीक्षा घेता येते. थोडक्यात, गाणे एका माणसाच्या मर्जीवर राहत नाही. मींड, आंदोलन, स्वराचा लगाव यांतले पुष्कळ काही कागदावर उतरत नाही, हा जाणकारांचा आक्षेपही खरा आहे. मौलाबक्ष स्वतः गवई होते, त्यांना हे ठाऊक नसेल कसे? तरी त्यांनी छापले. ज्या विद्येवर घर चालते तीच चार-आठ आण्यांच्या पुस्तकातून वाटायला काढणे, याला आम्ही धाडस म्हणतो. विद्या लपवण्याचा आरोप या माणसावर कसा चिकटवणार?

मुलाला, आलाउद्दीन खान पठाणांना, सयाजीरावांनी नव्वदच्या दशकात लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकायला पाठवले. मुलीचा मुलगा इनायत खान याच शाळेत शिकला आणि पुढे तिथेच शिकवू लागला. लहानपणी त्याने दरबारात गणेशाचे संस्कृत स्तोत्र गायले आणि महाराजांनी बक्षीस दिले, असे त्याचे चरित्रकार नोंदवतात. १९१० मध्ये देश सोडून पश्चिमेत सूफी विचार घेऊन गेलेले हजरत इनायत खान ते हेच. जगाने त्यांना सूफी म्हणून ओळखले. ते आधी गाण्याचे मास्तर होते हे आमच्यातल्याही थोड्यांनाच माहीत असते.

मौलाबक्ष १८९६ मध्ये वारले. १९१६ मध्ये बडोद्यात पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि नंतर शाळेची घडी भातखंड्यांच्या सल्ल्याने नव्याने बसवली गेली. मौलाबक्षांचे स्वरलेखन मागे पडले, भातखंड्यांचे आले. ते अधिक सुटसुटीत होते, हे कबूल करायला हवे. पण त्या पुस्तकांतल्या चिजा कुठून आल्या? रामपूरच्या, जयपूरच्या उस्तादांच्या गळ्यांतून. भातखंड्यांचे पट्टशिष्य श्रीकृष्ण रातंजनकर पुढे लखनौच्या मॅरिस कॉलेजचे प्राचार्य झाले. त्यांची तालीम झाली ती बडोद्यातच, फैयाज खाँसाहेबांसमोर बसून.

बडोदा दरबारातून १८९८ च्या सुमारास बाहेर पडलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांनीही १९१३ मध्ये पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. मुसलमान गवयाची शाळा आणि नाव ‘आर्य’! त्या काळच्या पुण्यात मुले मिळवायची तर पाटी कशी रंगवावी लागे, याचा अंदाज यावरून येतो. खाँसाहेब मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या सावलीत विसावले आहेत. तिथे उरुसात आजही गाणे होते.

आणि आमच्या हायस्कुलांत? आपल्या संस्थांनी चालवलेल्या किती माध्यमिक शाळांच्या वेळापत्रकात संगीताचा तास आहे, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते पाहावे. विचारले की उत्तर ठरलेले असते: दीनमध्ये मनाई आहे. या प्रश्नावर उलेमांत मतभेद आहेत आणि ते जुने आहेत. इमाम गझालींनी ‘इह्या’मध्ये समाअवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, त्यात कुठले ऐकणे रास्त आणि कुठले नाही याची बारकाईने चर्चा केली. चिश्ती बुजुर्गांची वाट सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना हे मान्य नाही त्यांचा आम्ही आदर करतो. परंतु आमच्या पुष्कळ उर्दू शाळांचा दिवस सुरू होतो तो इक्बालांच्या १९०२ सालच्या मुलांच्या दुआने, आणि ती दुआ मुले चालीवरच म्हणतात. एखादी मुलगी वर चढते, बाकीच्या खाली राहतात, मधेच सूर तुटतो. कुणी सांगत नाही, कारण सांगणारा मास्तर शाळेत नाही. गाणे शाळेत आहेच. फक्त ते शिकवले जात नाही.

इकडे दहावीच्या निकालात शास्त्रीय संगीताच्या परीक्षांसाठी वाढीव गुण मिळू लागले आहेत. शेजारच्या शाळेतली मुले प्रवेशिका, मध्यमा करून ते घेतात. आमची मुले त्या यादीत शोधावी लागतात. ज्या चिजांवर ती परीक्षा होते, त्यांतल्या कित्येकींत सदारंग, अदारंग ही नावे गुंफलेली आहेत. नियामत खान आणि फिरोज खान अशी त्यांची घरची नावे होती.

बडोद्याची ती शाळा बंद पडली नाही. १९४९ मध्ये ती महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाली आणि आज परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा म्हणून चालू आहे. सूरसागर तलावाच्या काठी तिची इमारत उभी आहे.