हलत्या चित्रांचा जीर्णोद्धार



खराडीत उभे राहून जुन्या चित्रफितींविषयी बोलावयाचे म्हणजे थोडे धाडसच आहे. मुळा-मुठेकाठच्या या गावात शेतांच्या जागी संगणकाच्या कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले, आणि येथील तरुण मंडळींना गेल्या वर्षीचे यंत्रही शिळे वाटते. तथापि माझा विषय त्यांच्या कामाला लागूनच आहे. शंभर-सव्वाशे वर्षांत आपल्याकडे जी हलती चित्रे, म्हणजे ज्यांना आपण कार्टूनपट म्हणतो ती, तयार झाली त्यांचे पुढे काय झाले, आणि जी उरली ती पेटीत राहावी की घरोघरी जावी, हा तो विषय.

दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्रा’मुळे सर्वांना ठाऊक आहेत. पण १९१३ च्या मे महिन्यात तो पट मुंबईत लागला त्याच्या आधीच, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाचे थोडथोडे चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ हा चिमुकला पट सिद्ध केला होता. पुढे महायुद्धाच्या काळात, १९१५ साली, त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केला. फ्रान्समध्ये एमिल कोल याने १९०८ साली काड्यांचा असाच एक पट केला होता. यातील कृती सांगावयास सोपी, करावयास जिवावरची. काडी किंचित सरकवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाची. सेकंदाला सोळा चित्रे धरली तरी एका मिनिटाच्या मौजेला नऊशे साठ वेळा हात लावावा लागतो! ज्याने एवढी चिकाटी दाखविली त्याच्या त्या पटाची प्रत मात्र आज आपणापाशी नाही.

असे का झाले? एक कारण उघड आहे. हे लहान पट म्हणजे मुख्य चित्रपटापूर्वीचे तोंडीलावणे. जेवण झाल्यावर लोणच्याची वाटी कोण जपून ठेवतो? दुसरे कारण फितीच्या घडणीत आहे. जुन्या फितीवर चांदीचा अंश असे, आणि खेळ संपलेली रिळे चांदीसाठी वजनावर विकली जात. तिसरे कारण आग. सुमारे १९५० पर्यंत वापरात असलेली नायट्रेटची फीत एकदा पेटली की वारा कोंडूनही विझत नाही. आपल्या देशात तेराशेच्या वर मूकपट निघाले असे मानतात. त्यांतले पूर्ण वा तुटक रूपात उरलेले तीसच्या आसपास. खुद्द ‘राजा हरिश्चंद्र’ही फाळक्यांना १९१७ साली पुन्हा चित्रित करावा लागला, आणि आज जे भाग आपण पाहतो ते बहुधा त्या दुसऱ्या चित्रणातले आहेत.

पुण्याचा संबंध येथे अधिक निकटचा आहे. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यास आली, आणि लगेच १९३४ साली तिने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. (जंबुक म्हणजे कोल्हा, त्याला ‘काका’ करणे हे अस्सल मराठी गोष्टीवेल्हाळपणाचे लक्षण आहे.) प्रभातच्या आवारात १९६० साली चित्रपटशिक्षणाची संस्था आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले. त्याच जुन्या आवारातील कोठीला ८ जानेवारी २००३ रोजी आग लागली आणि नायट्रेट फितींचा मोठा साठा जळून गेला. फाळक्यांच्या पटांचे उरलेले भाग वाचले, कारण त्यांच्या सुरक्षित फितीवरील प्रती आधीच निघालेल्या होत्या. मला वाटते, आजच्या विषयाचे सारे मर्म या घटनेत आहे. वाचली ती प्रत. मूळ फीत नव्हे.

परदेशातही हेच दिसते. लोटे रायनिगर या जर्मन बाईंनी काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्या हलवून १९२६ साली राजपुत्र अहमदाची गोष्ट पडद्यावर आणली. तिची मूळ निगेटिव्ह दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमध्ये नष्ट झाली. पण तिच्या प्रती आधीच परदेशांत गेल्या होत्या. उरलेल्या नायट्रेट प्रतींवरून जर्मन आणि ब्रिटिश संग्राहकांनी १९९८-९९ मध्ये तो पट मूळच्या रंगछटांसह पुन्हा उभा केला, आणि पुढे त्याची डीव्हीडीही निघाली. देशोदेशी गेलेली प्रतच अखेर उपयोगी पडली.

आता जीर्णोद्धार म्हणजे काय, ते थोडे पाहू. आपल्याकडे काळ्या पाषाणाच्या देवळाला उत्साहाच्या भरात तैलरंग फासतात, तसे येथेही होते. धूळ आणि ओरखडे पुसणारी संगणकाची युक्ती पेन्सिलीची बारीक रेघही ओरखडा समजून पुसून टाकते, आणि चित्रकाराने मुद्दाम काढलेला ठिपका तिला मळ वाटतो. पण कार्टूनपटात एक सोयही आहे. बहुधा प्रत्येक चित्र दोनदा टिपलेले असते. एका चौकटीवर डाग पडला तर शेजारच्या चौकटीतून तेवढा तुकडा घेता येतो. मूकपटाच्या गतीचे भान तर हवेच. सोळाच्या गतीने टिपलेला पट पंचवीसच्या गतीने व्हीसीडीवर उतरविला की काड्यांची मौज न राहता माकडचेष्टा होते. हे काम यंत्राचे कमी आणि डोळ्याचे अधिक आहे, आणि असे डोळे या परिसरात पुष्कळ आहेत.

केंद्र सरकारने २०१४ साली सुमारे ५९७ कोटींची चित्रपट-वारसा मोहीम मंजूर केली, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु दुरुस्त झालेला पट पुन्हा थंड कोठडीतच जाणार असेल, तर गाभारा सजवून देवळाला कुलूप घातल्यासारखे होईल. प्रभातचे मोठे बोलपट कॅसेट आणि व्हीसीडीच्या रूपाने घरोघर गेले. माझ्या कपाटात ‘संत तुकाराम’ आहे, ‘माणूस’ आहे, ‘शेजारी’ आहे. जंबूकाका मात्र त्यांतल्या एकाच्याही पाठीवर बसून आलेला नाही. तोंडीलावणे पुन्हा ताटाबाहेरच! याउलट विजया मुळे यांचा १९७४ चा ‘एक अनेक और एकता’ पाहा. दूरदर्शनने तो इतक्यांदा दाखविला की तो पाहिलेली मुले आज पन्नाशीला आली, तरी त्यातील पाखरे त्यांना आठवतात. जी. के. गोखले यांचा १९६७ चा ‘होमो सॅप्स’ काही कमी गुणाचा नव्हता. पण त्याचे नाव आज या सभागृहात किती जणांना ठाऊक आहे?

प्रती काढू दिल्या तर चोरी होईल आणि हक्क बुडतील, अशी भीती घातली जाते. ती सर्वस्वी खोटी नाही. पण ज्या पटाची एकच प्रत आहे त्याचा हक्क कोणावर गाजवावयाचा, हे मला अद्याप उमगलेले नाही.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. आपल्यापैकी कोणाच्या माळ्यावर गंजलेले गोल डबे असतील, आजोबांचे टुरिंग टॉकीज असेल, तर डबा घाईने उघडू नका. आंबट शिरक्यासारखा वास आला तर फीत अ‍ॅसिटेटची आहे आणि कुजू लागली आहे. फितीचा चिकट लगदा वा तपकिरी भुकटी झालेली दिसली तर ती नायट्रेटची असण्याचा संभव आहे, तिला चूल, विजेची ठिणगी आणि ऊन यांपासून दूर ठेवा. रीळ उलगडू नका, डब्यावरची चिठ्ठी फाडू नका, आणि लॉ कॉलेज रस्त्यावरील संग्रहालयास आधी कळवा.