दारात कोण आहे, हे बघायला नेट कशाला?

पेढ्यांच्या दुकानाला कॅमेरा घ्यायचं आमच्या गटात ठरलं. 'नेटशिवाय काही दिसणार नाही,' असं दुकानदार म्हणाला. २०१९ च्या महापुरात वाडीत फोनसुद्धा लागत नव्हते. मग गटाची बचत यात का घालायची?

आम्ही या कॅमेऱ्याचा इतिहास शोधला. न्यूयॉर्कमध्ये मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन नावाची नर्स होती. अवेळी घरात एकटी असे, पोलीस लवकर येत नसत. १९६६ मध्ये तिनं नवऱ्यासह पेटंटसाठी अर्ज केला, १९६९ मध्ये ते मिळालं. दाराला चार भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा आणि आतल्या खोलीत टीव्हीवर चित्र. तिथूनच दार उघडायची नि धोक्याची घंटा वाजवायची सोय. तेव्हा घरोघरी इंटरनेट कुठं होतं?

आजही कॅमेऱ्याची वायर डीव्हीआरला आणि डीव्हीआर टीव्हीला जोडला की चित्र दिसतं. रेकॉर्डिंग डीव्हीआरमधल्या हार्डडिस्कवर राहतं. नेट लागतं ते परगावाहून मोबाईलवर बघायला. वीज मात्र हवी, म्हणून इन्व्हर्टर ठेवा. आणि पुरात धान्य माळ्यावर नेतो, तसा डीव्हीआरही उंचावर बसवा.

घेताना एकच सांगा: 'नेट बंद करून टीव्हीवर दाखवा.' दिसलं, तरच पैसे द्या.